अर्थ लागत नाही

बारावीनंतर भाचा दुकानात यायला लागला. पहिल्याच दिवशी मी त्याच्यापुढे एका टेम्पोचा वायरिंग डायग्राम पसरला आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेलो. तिथं कोणीतरी भेटलं, दहा-पंधरा मिनिटं गेली. परत आलो तर पोरगं कागदाला नाक लावून बसलेलं. मान वर न करता म्हणालं, "मामा, ह्याचा काही अर्थ लागत नाही."

कराडच्या सर्व्हिस रोडवर गाड्यांच्या वायरिंगचं काम करत मला पंचवीसेक वर्षं झाली. 'अर्थ लागत नाही' हे वाक्य आमच्याकडे दिवसातून चार वेळा तरी होतं, फक्त त्यातला अर्थ शब्दकोशातला नसतो. तो इंग्रजांचा अर्थ, म्हणजे जमीन. घराच्या वायरिंगमध्ये ती वायर खरोखरच जमिनीत जाते, खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून. चार रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा मात्र विजेपुरता तरी जमिनीशी संबंध नसतो. तिचा अर्थ म्हणजे चॅसी, बॉडी, इंजिनचं धूड; ज्या लोखंडाला बॅटरीची निगेटिव्ह केबल आवळलेली असते ते सगळं. बल्बमधून गेलेला करंट त्या लोखंडातून बॅटरीकडे परतला तर बल्ब लागतो. परतायची वाट तुटली की आम्ही म्हणतो, अर्थ लागत नाही.

भाच्यानं काय केलं होतं? बॅटरीच्या पॉझिटिव्हवर बोट ठेवून लाल रेघेच्या मागे मागे निघाला होता. फ्यूजबॉक्समध्ये त्या एका रेघेच्या चौदा रेघा झाल्या आणि गडी हरवला. मीही असाच हरवलो होतो. डायग्राम पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येकजण बॅटरीपासून निघतो, कारण वीज तिथून निघते असं आपण शाळेत शिकलेलो असतो. पण गिऱ्हाईक काही बॅटरीची तक्रार घेऊन येत नाही. त्याचा ब्रेकलाइट लागत नसतो. मग कागदावर आधी ब्रेकलाइट शोधायचा. त्याला दोन टोकं असणार, एक येणारं आणि एक जाणारं. त्यातलं जाणारं आधी बघायचं. ही वायर आखूड असते आणि बहुतेक वेळा हातभर अंतरावर, एकाखाली एक लहान होत गेलेल्या तीन आडव्या रेघांच्या खुणेपाशी संपते. एवढं झालं की मग येणाऱ्या वायरीवरून उलटं वर चढत जायचं: कपलर (वायरी जोडायचा प्लग), ब्रेकचा स्विच, फ्यूज, चावी, बॅटरी. वाटेत दहा फाटे फुटतील, त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही.

हे ढुंकून न बघणंच अवघड आहे. मी ते शिकलो कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, आयटीआय संपल्यावर ज्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली त्या वस्तादांकडे. बाहेर दिवसभर लेथची घरघर आणि आत बॅटरीच्या ॲसिडचा तो घशात बसणारा वास. वस्तादांकडे डायग्रामांची भेंडोळी प्लास्टिकच्या पाइपात घालून ठेवलेली असायची आणि सोबत जुन्या कॅलेंडरचे दोन पुठ्ठे. भेंडोळं उलगडलं की एक पुठ्ठा वर, एक खाली, मधे बोटभर फट. त्या फटीत जेवढं दिसेल तेवढंच वाचायचे. मी एकदा पुठ्ठे बाजूला करून संपूर्ण कागद बघायला लागलो, तर म्हणाले, "सगळं वाचायला ती काय पोथी आहे का लेका? पारायण करायचंय?"

डायग्रामला सगळे नकाशा म्हणतात. मला ते पटत नाही. नकाशात सांगली डावीकडे असेल तर रस्त्यावरही ती त्याच बाजूला सापडते. डायग्राममध्ये दोन इंचांवर दिसणारा रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, गाडीत बोनेटखाली असतो आणि त्याच्या शेजारी काढलेला स्विच डिकीजवळ. ही खरं म्हटलं तर वंशावळ आहे. कोण कोणाचा कोण हे कळतं, कोण राहतो कुठे हे वेगळं विचारावं लागतं. त्यासाठी चांगल्या पुस्तकात वेगळी पानं असतात: हे कपलर कुठे, तो अर्थचा बोल्ट कुठे. काही अमेरिकन पुस्तकांत तर खुणेच्या आकड्यातच पत्ता घातलेला असतो. शंभरीतला आकडा असेल तर बोनेटखाली, दोनशेतला असेल तर डॅशबोर्डात, चारशेतला असेल तर मागे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कागदांना ही पानं नसतात. तेव्हा पत्ता शोधायला गाडीखाली झोपावंच लागतं.

जुन्या मोटरसायकलींचे डायग्राम तरी गाडीच्या आकाराचे असायचे. पुस्तकाच्या शेवटी घडीचा कागद, एका अंगाला हेडलाइट आणि हँडलचे स्विच, दुसऱ्या अंगाला टेललाइट, मधे वायरींचा गुंता. शिकाऊ पोराला हे सोपे वाटतात आणि खरं तर तेच छळतात, कारण पंधरा रेघा शेजारीशेजारी धावतात आणि नजर एका रेघेवरून दुसरीवर कधी घसरली ते कळत नाही. जर्मन लोकांनी ही कटकट संपवली. त्यांच्या पद्धतीत वरती पॉझिटिव्हच्या आडव्या रेघा, खाली अर्थची एक रेघ, आणि मधे प्रत्येक वस्तू उभी टांगलेली. करंट वरून खाली पडतो, पागोळ्यांसारखा. फोक्सवॅगनच्या डायग्राममध्ये तर खालच्या रेघेवर मोजपट्टीसारखे आकडे असतात. एखादी वायर मधेच तुटते आणि तिच्या टोकाला चौकटीत ७४ लिहिलेलं असतं. ७४ नंबरवर गेलं की तिथं तिचं दुसरं टोक तुमची वाट बघत असतं. रेघा एकमेकींना ओलांडतच नाहीत. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की घरी जाऊन बायकोला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

जर्मनांचेच ते टर्मिनलचे आकडे, डीआयएन ७२५५२ नावाच्या मानकातले. ३० म्हणजे थेट बॅटरी, कायम जिवंत. १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा. ३१ अर्थ. ५० सेल्फ. ५६ हेडलाइट, त्यात ५६ए अप्पर आणि ५६बी डिपर. चौकोनी काळ्या रिलेच्या बुडाशी बघा, कुठल्याही देशाच्या गाडीतला असला तरी बहुधा ३०, ८५, ८६, ८७ कोरलेलं असतं. ज्यांना इंग्रजीची दोन अक्षरंही वाचता येत नाहीत असे आमच्या धंद्यातले कितीतरी लोक या आकड्यांवर जन्म काढतात. वस्ताद गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा "पंधराला काही येत नाही तुमच्या" असं म्हणायचे आणि गिऱ्हाईक गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचं.

आता एक शब्द, ज्यानं मला सगळ्यात जास्त दिवस फसवलं: करंट.

आम्ही विचारतो, "वायरीत करंट येतोय का?" आणि मीटर लावतो. मीटर १२.४ दाखवतं. "येतोय." पण मीटरनं दाखवले ते व्होल्ट. करंट तिथून वाहतोय की नाही याबद्दल त्यानं चकार शब्द काढलेला नाही. बंद नळामागच्या पाण्यालाही दाब असतोच की. एका जीपचा हेडलाइट लागत नव्हता. कपलरपाशी मीटर लावलं, १२.४. बल्ब बदलला, नाही लागला. दुसरा नवा बल्ब लावला, तोही नाही. अर्थ तपासला, ठणठणीत. मी दोन तास त्या गाडीशी भांडलो. शेवटी वस्ताद आले, मीटर माझ्या हातातून काढून घेतलं आणि टेस्ट लॅम्प दिला, २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडलेला. तो लावला तर अंधार. त्याच टोकाला मीटर म्हणतंय १२.४ आणि बल्ब म्हणतोय शून्य. कपलर कापून उघडला तेव्हा आतली पितळी पिन हिरवी पडलेली. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तशी कळकलेली. मीटरला मोजायला लागतो तो करंट इतका नगण्य असतो की असल्या सांध्यातूनही तो निघून येतो; डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. बल्बला मात्र अँपियर लागतात. ते मागितले की सांधा हात वर करतो.

रिलेची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तपासताना याच शब्दानं भाच्याला गंडवलं. त्यानं ८६ ला टेस्टर लावला, बारा व्होल्ट. ८५ ला लावला, तिथंही बारा. "मामा, दोन्हीकडनं करंट येतोय, रिले शॉट आहे." रिले शॉट नव्हता. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत कॉइलला बारा व्होल्ट कायम असतात आणि कंट्रोल युनिट दुसऱ्या टोकाला अर्थ देतं तेव्हाच रिले टक्कन वाजतो. तोपर्यंत कॉइलमधून काहीच वाहत नाही, आणि काही वाहत नसलं की या टोकाचे व्होल्ट त्या टोकालाही तसेच्या तसे दिसतात. डायग्राममध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं: ८५ ची रेघ खाली अर्थला जायच्या आधी एका चौकटीत, म्हणजे त्या कंट्रोल युनिटमध्ये शिरते. त्यानं ती चौकट वाचली नव्हती. येणारी बाजू वाचली आणि थांबला.

आणखी एक गोष्ट कोणतंच पुस्तक मोठ्या अक्षरांत सांगत नाही. डायग्रामात काढलेली गाडी झोपलेली असते. चावी बंद, पाय ब्रेकवर नाही, रिले सुटलेले. कागदावर उघडा दिसणारा स्विच तुम्ही ब्रेक दाबल्यावर जुळणार आहे, ८७ए ला टेकलेली रिलेची जीभ ८७ वर जाणार आहे. हे सगळं मनातल्या मनात हलवावं लागतं. वस्ताद कागदावर सुपारी ठेवायचे आणि करंट जिथं पोचला असेल तिथं ती सरकवायचे. स्विच आला की सुपारी थांबायची. "दाब आता ब्रेक," म्हणायचे. मी हवेत पाय दाबायचो. सुपारी पुढे.

रंगांबद्दल लिहायचं तर एक स्वतंत्र लेख होईल, इथं थोडक्यात. रंगावर विश्वास ठेवावा, पण कुठल्या देशाचा रंग ते आधी विचारावं. ब्रिटिश गाड्यांच्या लुकास पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, फ्यूजसुद्धा मधे नाही. पांढरी चावीवरची, काळी अर्थ. जर्मन गाड्यांत तपकिरी म्हणजे अर्थ आणि काळी म्हणजे चावीवरची. म्हणजे एकाची तपकिरी वायर बॉडीला आवळायची आणि दुसऱ्याची चुकून जरी टेकली तर ठिणग्या. घरांची वायरिंग करणारे वायरमन फावल्या वेळात मोटरसायकलींना हात घालतात तेव्हा तर गंमतच होते. घरात हिरवी अर्थ असते. होंडाच्या पद्धतीच्या मोटरसायकलींत, म्हणजे आपल्या गावोगावच्या स्प्लेंडरमध्येही, हिरवी अर्थच असते, त्यामुळे गडी खूश होतो. मग तो काळ्या वायरीला न्यूट्रल समजून टेकवतो, आणि ती निघते चावीवरची पॉझिटिव्ह. हिरवी-पिवळी तर त्याच्या दृष्टीनं शंभर टक्के अर्थ. होंडात ती ब्रेकलाइटची. फ्यूज उडतो तेव्हा हे लोक म्हणतात, फ्यूज हलका होता, आणि मोठा टाकतात.

कागदावर हे रंग अक्षरांत असतात, त्यातही घराणी आहेत. जपानी पद्धतीत बी म्हणजे काळा, मग निळ्याला उरतं काय? त्याला एल. हे माहीत नसलं तर तुम्ही 'एल' म्हणजे डावीकडची समजून दिवस घालवता. दोन अक्षरं असली तर पहिलं अंगाचा रंग, दुसरं वरच्या रेघेचा. हिरव्यावर पिवळी आणि पिवळ्यावर हिरवी या सख्ख्या बहिणीसुद्धा नाहीत.

माझ्या स्वतःच्या दोन चुका सांगतो, कारण त्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. डायग्राममध्ये दोन रेघा एकमेकींवरून गेल्या आणि त्या जागी ठिपका असला तर त्या जोडलेल्या. ठिपका नसला तर नुसत्या ओलांडून गेल्या. माझ्याकडे एका बसचा डायग्राम होता, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात वायपरची आणि हॉर्नची रेघ जिथं ओलांडत होती तिथं ठिपका. म्हणजे जोड. तो जोड शोधायला मी त्या बसच्या डॅशबोर्डचं वायरिंग दोन फूट सोलून काढलं, टेप उकलला, एकेक वायर मोकळी केली. जोड नव्हता. तो ठिपका म्हणजे झेरॉक्सच्या काचेवरचा डाग होता. संध्याकाळी पुन्हा टेप गुंडाळताना ड्रायव्हर शेजारी उभा राहून विचारत होता, "सापडलं का काय?" मी म्हटलं, "सापडलं." खोटं नव्हतं.

दुसरी चूक आरशाची. कपलरचं चित्र कागदावर असतं, पिनांना नंबर असतात, पण ते चित्र पिनांच्या तोंडाकडून बघितलेलं आहे की वायरी आत शिरतात त्या पाठीकडून, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं किंवा लिहिलेलंच नसतं. पाठीकडून बघितलं की सगळं उलटं होतं, बनियन उलटा घातल्यासारखं. १ नंबरच्या जागी ८ येतो. मी एकदा चुकीच्या पिनवर थेट बारा व्होल्ट दिले, जिथं पाच व्होल्टचा सेन्सर बसला होता. त्या सेन्सरचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून कपलर हातात घेतला की मी आधी एक ओळखीची वायर शोधतो, तिचा रंग चित्रातल्या नंबरशी जुळतो का बघतो, आणि मगच बाकीच्यांशी बोलतो.

आता तो टेम्पो, ज्याचा डायग्राम मी भाच्यापुढे टाकून चहाला गेलो होतो.

मालक रहिमतपूरकडचा, बाजारात भाजी नेणारा. तक्रार अशी की ब्रेक दाबला की डॅशबोर्डावरच्या मीटरमधले इंडिकेटरचे दोन्ही बाण अंधुक पेटतात. डावा इंडिकेटर दिला की उजवाही सोबत मिचमिचतो. आणि पाठीमागून येणाऱ्यांना ब्रेकलाइट नीट दिसतच नाही, त्यामुळे शिव्या खातो. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं फ्लॅशर (इंडिकेटर मिचकवणारा डबा) बदलला, दुसऱ्यानं इंडिकेटरचा स्विच. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. इंडिकेटरचं दुखणं म्हटलं की हात आधी तिथंच जातो.

भाच्याला मी पेन दिलं आणि म्हटलं, मागच्या दिव्यापाशी ये. कागदावर मागचा दिवा म्हणजे एक चौकट, आत तीन गोल: ब्रेक आणि इंडिकेटर २१ वॉटचे, टेल ५ वॉटचा. प्रत्येकाला वरून स्वतंत्र रेघ. खाली मात्र तिघांची एकच. डाव्या दिव्याची आणि उजव्या दिव्याची, अशा दोन्ही रेघा पुढे एकत्र येऊन एका अर्थच्या खुणेवर संपत होत्या.

"आता त्या खुणेवर बोट ठेव," मी म्हटलं. "समज, ती नाहीच. ब्रेक दाबला. करंट ब्रेकच्या बल्बात शिरला, खाली उतरला. परत कसा जाणार?"

तो बराच वेळ बघत राहिला. मग पेनाचं टोक हळूहळू खालच्या रेघेवरून आडवं सरकलं, इंडिकेटरच्या गोलापाशी आलं आणि थांबलं.

"ह्यातनं वर?"

"का नाही? करंटला वर-खाली आहे होय?"

पेन इंडिकेटरच्या बल्बातून उलटं वर चढलं, इंडिकेटरच्या वायरीनं पुढे गेलं, पार गाडीच्या तोंडाशी. तिथं पुढचा इंडिकेटर, आणि त्याच रेघेवरून फुटलेला मीटरमधला बाण. त्या दोघांचा अर्थ शाबूत होता. तिथून करंट खाली उतरला आणि बॅटरीला पोचला. एवढा वळसा घालून, तीन-तीन बल्बांतून गाळला गेल्यामुळे कोणालाच पुरेसा मिळत नव्हता, म्हणून सगळेच अंधुक. आणि दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरमधून वाट मोकळी, म्हणून दोन्ही बाण. डावा इंडिकेटर दिला की तसाच उजव्यातून परत. सगळ्या तक्रारी एकाच बोटाखाली होत्या.

"म्हणजे इंडिकेटर बिघडलाच नाही," भाचा म्हणाला.

गाडीखाली गेलो. नवी बॉडी बांधून घेतली होती, झकास निळा रंग, मागे 'आईचा आशीर्वाद'. रंगवणाऱ्यानं चॅसीवरही सढळ हात फिरवलेला. मागच्या दिव्यांची अर्थची वायर बॉडीला नव्यानं आवळलेली, पण रंगाच्या थरावर. थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) आणि लोखंड यांच्यामध्ये कागदाएवढा निळा रंग. बोल्ट सोडला, रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केली, थिंबल पुन्हा आवळलं, वरून थोडं ग्रीस. मग भाच्याला ब्रेक दाबून धरायला लावला आणि मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. आकडा ०.०६ व्होल्ट, म्हणजे वाट मोकळी. आधी तो किती होता ते मोजायचं मी विसरलो होतो. उत्साहात असं होतं. भाच्यानं नेमकं तेच विचारलं.

मला या निदानाचं अप्रूप आहे असं नाही, असे दोष महिन्याला दोन येतात. पण हे कागदावर सापडतं ही गोष्ट मला अजूनही चमत्कारिक वाटते. तुटलेला अर्थ कुठल्याच डायग्राममध्ये काढलेला नसतो. डायग्राम गाडी कशी असावी तेवढं सांगतो. बिघडलेली गाडी आपणच बोट ठेवून त्यात घडवायची आणि मग ती कशी वागेल ते विचारायचं. गिऱ्हाइकाची तक्रार आणि कागदावरचं वागणं जुळलं, की पाना हातात घ्यायचा. नाही जुळलं तर बोट दुसरीकडे.

नव्या गाड्यांत हे जरा कठीण होत चाललंय, ते कबूल करतो. स्विचची रेघ एका चौकटीत जाते, चौकटीतून दोन पिळलेल्या वायरी निघतात, दुसऱ्या चौकटीत शिरतात, आणि तिकडून दिव्याची रेघ. मधल्या पिळात काय बोलणं चालतं ते कागदाला माहीत नाही. ही कॅन पद्धत, बॉशनं १९८६ साली जाहीर केलेली. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर तर साध्या टेम्पोतही तिच्याशी गाठ पडते. तिथं मी एवढंच करतो: बॅटरी काढून, पायाजवळच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ च्या मधला रोध मोजतो. पिळाच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, त्यामुळे ६० आले तर वायरी शाबूत. १२० आले तर कुठंतरी एक टोक सुटलंय. त्याच्यापुढे स्कॅनर, म्हणजे त्या सॉकेटला लावून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र. आणि गंमत अशी की स्कॅनरनं दहा-दहा कोड ओकलेल्या गाडीतही निम्म्या वेळा मूळ सापडतं ते चौकटींच्या अर्थच्या बोल्टपाशी.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे ट्रॅक्टर येतात, मागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीला दिवे नसतात, असले तर लागत नाहीत, लागले तर खड्ड्यागणिक विझतात. त्याचं कारण ट्रॉलीची परतीची वाट. ती ट्रॅक्टरच्या हुकातल्या पिनेमधून असते. पिन हलते, तिला ग्रीस आणि चिखल माखलेला असतो, मागची ट्रॉली उसानं उचलली जाते, लोखंड लोखंडाला कधी टेकतं कधी नाही. यंदा भाच्यानं एका ट्रॉलीचं वायरिंग एकट्यानं केलं. बल्बच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आधी त्यानं स्वतःच डायग्राम काढला, सात पिनांचा सॉकेट, प्रत्येक पिनपुढे रंग. ३ नंबरच्या पिनेपासून पार मागच्या दिव्यापर्यंत पांढरी वायर, अर्थची.

ट्रॉलीवाले अण्णा बिल बघून म्हणाले, "सहा वायरी पुरत्यात की. सातवी कशापायी?"

"ती परत यायला, अण्णा."

"परत यायला लोखंड हाय की येवढं. ट्रॉली काय लाकडाची हाय व्हय?"

भाच्यानं पुठ्ठा पुढे केला आणि त्यांचं बोट धरून हुकाच्या पिनेवर ठेवलं. "ही पिन हलली. आता ह्या दिव्यातनं खाली आलेला करंट कुठनं जाणार, सांगा."

अण्णांनी बराच वेळ बघितलं. बोट पांढऱ्या रेघेवरून सॉकेटपर्यंत नेलं, तिथून पुन्हा मागे आणलं.

"म्हंजे हिच्यातनं नवं काय येत न्हाय. वापरून झाल्यालंच जातंय."

"होय."

"मग हिचं पैसं निम्मं लाव."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी फोन कानाला लावला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.